‘स्वच्छ’ची दारावरची कचरासेवा: काय नीट चालतं, कुठे अडतं

पुण्यात घरचा कचरा न्यायला दारात जी ताई येते ती महापालिकेच्या पगारावर नसते आणि कुठल्या ठेकेदाराची कामगारही नसते. ती ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेची सभासद असते. घरटी मिळणारं मासिक शुल्क आणि सुक्या कचऱ्यातून वेचलेलं भंगार विकून येणारे पैसे, अशी तिची कमाई दोन भागांत येते. शुल्काचं सगळ्यांना ठाऊक असतं, भंगाराचं फार थोड्यांना. या सेवेबद्दलच्या निम्म्या तक्रारी तो दुसरा भाग माहीत नसल्यामुळे होतात.

मागचा इतिहास थोडक्यात. १९९३ मध्ये कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या पुढाकाराने आणि एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या कार्यकर्त्यांच्या मेहनतीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली. त्याआधी कचराकुंडीत हात घालून भंगार वेचणाऱ्या या बायकांकडे, त्यातल्या बहुतेक दलित कुटुंबांतल्या, कष्टकरी म्हणून कोणी बघत नव्हतं. संघटनेने आधी ओळखपत्रं मिळवली. मग मागणी आली की कुंडीत सडलेलं वेचायला लावण्यापेक्षा दारातच वेगळा केलेला कचरा आमच्या हातात द्या. त्यातून ‘स्वच्छ’ नोंदली गेली आणि २००८ मध्ये महापालिकेशी पहिला पाच वर्षांचा करार झाला. आज संस्थेचे साडेतीन हजारांच्या आसपास सभासद आहेत. दिवसाला दोन हजार टनांहून जास्त कचरा करणाऱ्या शहरात दारोदारचा मोठा भार त्यांच्यावर आहे.

आता रोजचं काम कसं चालतं ते. सहसा दोघांची जोडी असते आणि जोडीकडे साधारण दोनशे ते तीनशे घरं. सकाळी ढकलगाडी, मोठ्या बादल्या आणि गोण्या घेऊन फेरी सुरू होते. ओला कचरा बादलीत ओतायचा, सुका गोणीत टाकायचा. फेरी संपली की ओला आणि निकामी कचरा महापालिकेच्या गाडीत द्यायचा असतो. ही गाडी ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी येते. त्या जागेला फीडर पॉइंट म्हणतात. गाडी चुकली की शंभरेक किलो ओला कचरा ताईच्या गळ्यात पडतो. ‘बेल वाजवली आणि दोन मिनिटंही थांबली नाही’ या तक्रारीचं उत्तर इथे आहे. तीनशे घरांना दोन मिनिटं म्हणजे दहा तास. डबे आदल्या रात्री भरून दाराच्या आत तयार ठेवा, बेल वाजली की बाहेर द्या. रात्रीच बाहेर ठेवले तर मांजरं उलथतात आणि जिना झाडायचं काम वाढतं.

गाडी गेल्यावर खरं कष्टाचं काम सुरू होतं, ते वर्गीकरणाचं. गोण्या रिकाम्या करून तीन-चार तास बसून पुठ्ठा, पांढरा कागद, रंगीत कागद, दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, शाम्पू-फिनेलचे जाड डबे, पत्रा, काच असे ढीग करायचे. दुकानदार प्रत्येक प्रकाराला वेगळा भाव देतो आणि मिसळलेल्या मालाला सगळ्यात पडका भाव लावतो. पुण्याच्या पद्धतीचं बळ मला इथेच दिसतं. ठेकेदाराला जिथे टनावर पैसे मिळतात तिथे वजन वाढलं की बिल वाढतं. ओल्यात सुका मिसळला, वर माती पडली, तरी त्याचं काही बिघडत नाही. ‘स्वच्छ’च्या ताईचं मात्र लगेच बिघडतं, कारण ओली झालेली रद्दी म्हणजे तिचे बुडालेले पैसे. कचरा वेगळा राहण्यात तिचा रोजचा स्वार्थ आहे. म्हणून सुक्या कचऱ्यापुरती ही सेवा मला गाडीच्या कुठल्याही पद्धतीपेक्षा चांगली वाटते. तो माल कचरा डेपोकडे न जाता थेट भंगाराच्या दुकानात आणि तिथून कारखान्यात जातो.

आता घरून काय कसं द्यायचं, ते जरा सविस्तर, कारण सेवेची गुणवत्ता अर्धी इथे ठरते.

दुधाची पिशवी आधी घेऊ. बहुतेक घरांत पिशवीचा कोपरा कात्रीने पूर्ण कापतात आणि तो नखाएवढा तुकडा ओट्यावरून ओल्या कचऱ्यात जातो. तो कोणीही वेचून काढू शकत नाही. खतात नाहीतर नाल्यात जातो. कोपऱ्याला चीर द्या, तुकडा पिशवीलाच लटकू द्या. दूध ओतलं की पिशवीत अर्धी वाटी पाणी घालून हलवा (ते पाणी झाडाला चालतं), पिशवी उलटी करून दोरीवर चिमट्याने लावा. सुकलेल्या पिशव्या आठवडाभर एकात एक कोंबून ठेवा आणि गठ्ठा द्या. हे चांगल्या प्रतीचं प्लास्टिक आहे आणि स्वच्छ असेल तर त्याला भाव बरा मिळतो. न धुतलेल्या पिशव्यांना दुसऱ्या दिवशी वास सुटतो, मुंग्या लागतात, आणि दुकानदार वजनात काटतो. म्हणजे आपण न घातलेल्या अर्ध्या वाटी पाण्याची किंमत ती मोजते.

पाण्याच्या आणि सरबताच्या बाटल्या रिकाम्या करून चेपून द्या. झाकण आणि बाटली यांचं प्लास्टिक वेगळं असतं, त्यामुळे झाकण काढून त्याच पिशवीत ठेवलं तर तिचा हात वाचतो. तेलाच्या बाटल्या आणि पाऊच रात्रभर उलटे ठेवून निथळून घ्या. तेलकट माल बाजूच्या कागदालाही खराब करतो. पुठ्ठ्याचे खोके चिकटपट्टी काढून सपाट करा. पिझ्झाच्या खोक्याचा तेलकट भाग फाडून ओल्यात टाका आणि कोरडं झाकण सुक्यात द्या. दुकानाच्या, एटीएमच्या गुळगुळीत पावत्या कागदात टाकू नका, त्या कागदावर रसायनाचा थर असतो आणि रद्दीत तो चालत नाही.

रद्दीबद्दल एक मत मांडतो. वर्तमानपत्रं स्वतः विकण्यात काही गैर नाही. पण वर्तमानपत्रं, बाटल्या, पत्र्याचे डबे असं सगळं भाव असलेलं आपण रद्दीवाल्याला घालायचं, ताईला फक्त वेफर्सची पाकिटं आणि थर्माकोल द्यायचं, आणि वर म्हणायचं की हिला सुका कचरा तर देतोच, हा हिशेब प्रामाणिक नाही. निदान पुठ्ठा आणि प्लास्टिक तरी तिच्याकडे जाऊ द्यावं.

वेफर्सची, बिस्किटांची, मसाल्यांची चकचकीत पाकिटं हा या व्यवस्थेतला अवघड माल. त्यात प्लास्टिकचे वेगवेगळे थर आणि मध्ये ॲल्युमिनियमचा मुलामा असतो. थर सुटे होत नाहीत, एकत्र वितळवून नव्या वस्तूंसाठी चांगला प्लास्टिकचा दाणा निघत नाही, आणि वजन नगण्य असल्याने गोणीभर पाकिटांनाही भाव येत नाही. उत्पादक कंपन्यांवर कायद्याने आलेल्या जबाबदारीतून या मालाच्या संकलनाला पैसे मिळाले तरच तो उचलला जातो, आणि त्यातला बराचसा सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जळतो. त्याला पुनर्वापर म्हणणं मला पटत नाही. आपण इतकंच करू शकतो की पाकीट आडवं फाडून सपाट करावं, आतला चुरा झटकावा आणि सगळी पाकिटं एका मोठ्या पाकिटात भरावीत. ताक-ज्यूसच्या चौकोनी खोक्यांचं थोडं बरं आहे. त्यात तीन चतुर्थांश पुठ्ठाच असतो, उरलेल्यात प्लास्टिक आणि थोडं ॲल्युमिनियम. खंगाळून, कोपरे उघडून सपाट केली तर ती वेगळी जमा करता येतात. थर्माकोलला जागा प्रचंड लागते आणि घेणारा कोणी नाही. फ्रिज-टीव्ही आणणाऱ्यालाच तो परत न्यायला सांगा, डिलिव्हरीच्या वेळी तो बहुधा ऐकतो, नंतर ऐकत नाही.

फुटकी काच गोणीत सुटी टाकणं हा सरळ गुन्हाच समजा. वर्गीकरण हातांनी होतं आणि हातमोजे काचेला पुरत नाहीत. तीन-चार पदर कागदात गुंडाळा, चिकटपट्टी लावा, वर मोठ्या अक्षरात ‘काच’ लिहा आणि डब्यात न टाकता ताईच्या हातात द्या. ब्लेडला हाच नियम. इन्सुलिनच्या सुया आणि शुगर तपासायच्या टोचण्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत जमवा, बाटली भरली की झाकणाला चिकटपट्टी लावून ‘सुया’ असं लिहून द्या. संपलेले सेल, ट्यूबलाइट, मुदत गेलेली औषधं, किडे मारायच्या औषधाचे डबे यांचा डबा घरात तिसराच हवा. तो रोज द्यायचा नसतो.

सॅनिटरी पॅड आणि डायपर हा सगळ्यात नाजूक भाग, आणि ‘स्वच्छ’ने त्यावर काढलेला तोडगा अगदी साधा आहे, तो म्हणजे लाल ठिपका. पॅड गुंडाळी करून वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानात मधोमध ठेवायचं, दोन बाजू आत घ्यायच्या, घट्ट गुंडाळायचं, दोरा किंवा चिकटपट्टी लावायची आणि दोन्ही बाजूंनी दिसेल असा लाल ठिपका काढायचा. स्केचपेन चालतं, कुंकूही चालतं. ठिपका का, तर काळ्या पिशवीत काय आहे ते बाहेरून कळत नाही. आत भंगार असू शकतं म्हणून ती उघडावीच लागते, आणि मग दुसऱ्याच्या रक्ताला, विष्ठेला उघडा हात लागतो. ठिपका दिसला की पुडी न उघडता बाजूला जाते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पॅड-डायपर बनवणाऱ्या कंपन्यांवर पाकिटासोबत गुंडाळायची पिशवी देण्याची जबाबदारी टाकली, पण ती पिशवी नसली म्हणून अडत नाही, वर्तमानपत्र पुरतं.

डायपरला एक पायरी जास्त आहे. विष्ठा आधी संडासात टाकायची, मग डायपर आतल्या बाजूला गुंडाळून त्याच्याच चिकटपट्ट्यांनी बंद करायचा, मग कागद, मग ठिपका. ज्या घरात तान्हं मूल किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे तिथे डायपरचं वजन बाकी सगळ्या सुक्या कचऱ्याहून जास्त भरतं. अशा घरांनी झाकणाचा वेगळा डबा ठेवावा, पुड्या रोजच्या रोज द्याव्यात आणि ताईला आधी सांगून ठेवावं, म्हणजे ती त्यासाठी वेगळी पिशवी आणते. ठिपक्याचा नियम पाळणारी घरं अजून कमी आहेत. या सेवेत मला सर्वांत जास्त खटकतं ते हेच, आणि दोष सेवा देणारीचा नाही.

ओल्या कचऱ्याबद्दल थोडंच. डब्याला प्लास्टिकची पिशवी लावू नका. तळाशी वर्तमानपत्राचा कागद घाला, चहाचा चोथा पिळून आणि भाज्यांचं पाणी निथळून टाका. पिशवी लावली तर ती ताईला हाताने फाडून उलटी करावी लागते. मेथी-कोथिंबिरीच्या जुडीचं रबर आणि सफरचंदावरचा स्टिकर सुक्यात. नारळाची करवंटी, आंब्याची कोय, हाडं वेगळी दिलेली बरी, कारण ओला कचरा पुढे बायोगॅस प्रकल्पात गेला तर तिथल्या दळणाच्या यंत्रात नेमक्या या टणक वस्तू अडकतात आणि यंत्र बंद पडतं. दिवसाला शंभर किलोहून जास्त कचरा होणाऱ्या सोसायट्यांना २०१६ च्या नियमांनी ओला कचरा जागेवर जिरवायला सांगितलं. पुणे महापालिका त्यासाठी मिळकतकरात सवलतही देते. गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजलसंधारण यांपैकी एक चालू असेल तर ५ टक्के, दोन असतील तर १० टक्के. खताचा खड्डा मात्र खरोखर चालू लागतो, कागदावरचा नव्हे.

आता शुल्क. दर महापालिका ठरवते. झोपडपट्टीत कमी, दुकानं-हॉटेलांना जास्त. पैसे थेट कचरा नेणारीकडे जातात आणि तिने पावती द्यायची असते. ‘मिळकतकर भरतो, मग हे वेगळे पैसे कशाला?’ हा नेहमीचा वाद. उत्तर असं की करातून गाडी, पुढची वाहतूक आणि प्रक्रिया होते. दारातून उचलणं हे वेगळं काम आहे आणि वापरणाऱ्याने त्याचं शुल्क द्यावं असं २०१६ च्या नियमांनीच सांगितलं. सोसायटीने सगळ्या सदनिकांचं मिळून महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ऑनलाइन किंवा चेकने दिलं तर तीनशे दारांवर वसुलीला फिरायचे तिचे दिवस वाचतात. बंद घरांचे पैसे वजा करायचे का हे वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी ठरवा, दर महिन्याला घासाघीस नको. आठवड्याच्या सुट्टीचे पैसे कापू नका. ती सुट्टी तिच्या हक्काची आहे.

सेवेतल्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पहिली, बदली माणसाची. जोडीतली एक आजारी पडली किंवा गावी गेली की दुसरीवर दुप्पट भार येतो, फेरी उशिरा होते किंवा एखादा दिवस चुकते. नात्यातलं कोणी बदलीला आलं तर त्याला घरं आणि वेळा माहीत नसतात. असं झालं तर आधी भागाच्या ‘स्वच्छ’ समन्वयकाला कळवा, त्याचा नंबर सोसायटीच्या फलकावर असलाच पाहिजे. गाडीच न आल्याने कचरा पडून असेल तर ती तक्रार मुकादमाकडे किंवा क्षेत्रीय कार्यालयातल्या आरोग्य निरीक्षकाकडे न्यायची. दोन्ही तक्रारी ताईवरच ओरडून सुटत नाहीत.

दुसरी उणीव व्याप्तीची. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावं महापालिका हद्दीत आली. तिथे सगळीकडे ही पद्धत एकसारखी पोहोचलेली नाही. नवीन भागात घर घेताना कचरा कोण नेतं, हे बिल्डरला न विचारता शेजारच्या इमारतीत विचारा. तिसरी उणीव कराराची. पहिला करार २०१३ मध्ये संपला तेव्हा आणि पुढचा २०२० च्या शेवटी संपला तेव्हाही मुदतवाढीवर काम चाललं आणि ठेकेदार आणण्याची चर्चा पुन्हा सुरू झाली. ढकलगाडी, हातमोजे, गणवेश यांचा पुरवठाही कराराशी बांधलेला. उद्याचं काम राहील की नाही याची खात्री नसलेल्या बाईकडून आपण रोजची शिस्त मागतो, हे मला बरोबर वाटत नाही.

चौथी अडचण जागेची, आणि ती सर्वांत मोठी. वर्गीकरणाला पत्र्याचं छप्पर, सपाट फरशी आणि नळ लागतो. शेडची संख्या गरजेच्या मानाने फार अपुरी आहे, म्हणून काम फुटपाथवर, झाडाखाली होतं. पावसाळ्यात गोणी भिजली की कागदाचा भाव जातो, आणि रस्त्यावर पसारा दिसतो म्हणून रहिवासी ओरडतात. सोसायटीने पार्किंगच्या कोपऱ्यात दहा बाय दहा फुटांची जागा रोज तीन तास दिली तर दोन्ही प्रश्न मिटतात. वर आडोसा, शेजारी पाण्याचा नळ आणि हात धुवायला साबण, एवढंच लागतं. संडास वापरू देणं हे वेगळं सांगायला लागू नये.

मोठ्या गृहसंकुलांत आणखी एक गडबड होते. मजल्यांवरून कचरा हाऊसकीपिंगची मुलं गोळा करतात, तळघरात आणेपर्यंत ओला-सुका एक झालेला असतो, आणि वाटेत पुठ्ठा-बाटल्या बाजूला निघालेल्या असतात. ताईच्या वाट्याला चोथा उरतो. मग ती ‘वेगळा करून द्या’ म्हणते, समिती ‘तुझं कामच ते’ म्हणते. यावर उपाय एकच: सुक्या कचऱ्यावर हक्क कोणाचा हे हाऊसकीपिंगच्या करारात लिहून घ्यायचं, आणि प्रत्येक मजल्यावर ओल्या-सुक्याचे डबे वेगवेगळ्या फेरीत उतरवायचे. एकाच ट्रॉलीत दोन पिशव्या ठेवून हे जमत नाही. लिफ्टच्या उंबऱ्यावर ट्रॉली हिसकली की वरची पिशवी खालच्या डब्यात जाते.

जुने कपडे, चपला, गाद्या, मोडकी खेळणी, बंद पडलेला मिक्सर, वायरी असा माल रोजच्या फेरीत चालत नाही, कारण गोणीत मावत नाही आणि ताईला तो साठवायला जागा नाही. त्यासाठी ‘व्ही-कलेक्ट’ ही संस्थेची वेगळी सेवा आहे. सोसायटीने आधी दिवस ठरवून मागवली तर त्या दिवशी गाडी येऊन सगळं एकदम नेते. दिवाळीच्या साफसफाईआधी दोन-तीन आठवडे हा दिवस लावून घ्या. तो नाही लावला तर धनत्रयोदशीच्या सकाळी अख्ख्या इमारतीचे माळे रिकामे होतात आणि ढकलगाडी दोन घरांतच भरते. कपडे धुतलेले आणि कोरडे द्या, चपलांचे जोड एकत्र बांधा, वायरी गुंडाळून वेगळ्या पिशवीत भरा. मिक्सर-इस्त्रीची दोरी कापून ठेवू नका. दोरीसकट वस्तू दुरुस्तीला किंवा पुन्हा वापरायला जाऊ शकते, कापलेली थेट मोडीत जाते.